टायटल त्यांचं, मयत आमची

७ मे २०२५ च्या मध्यरात्रीनंतर सीमेपलीकडे बॉम्ब पडले. उजाडल्यावर मुंबईच्या सिनेमावाल्यांनी रांग लावली. रक्तदानाला नाही, नावनोंदणीला. 'ऑपरेशन सिंदूर' हे टायटल आपल्यालाच मिळावं म्हणून दोन-तीन दिवसांत निर्मात्यांच्या संघटनांकडे तीसच्या वर अर्ज गेले. लढाई चालू होती. पूंछमध्ये घरात बसलेली माणसं तोफगोळ्यांनी मरत होती. मेले किती ते मोजून व्हायचं होतं, पण पिक्चरचं नाव आधी पक्कं व्हायला हवं होतं. रेशनच्या दुकानात रॉकेल आलंय म्हटल्यावर आमच्या आया पूर्वी जशा डबे घेऊन धावायच्या, तसे हे लोक धावले. फरक एवढाच की आमच्या घरात खरोखरच अंधार असायचा.

एकाने तर टायटलच्या पुढे जाऊन पोस्टरच जाहीर केलं. लोकांनी शिव्या घातल्यावर माफी मागितली. रिलायन्सच्या जिओ स्टुडिओजने ७ मेलाच या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज टाकला. बोंबाबोंब झाल्यावर तो मागे घेतला आणि खुलासा केला, की एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने परवानगी न घेता, नजरचुकीने हे केलं. वा रे वा! धंदा झाला असता तर तो शेटचा. बोभाटा झाला तर तो शेवटच्या टेबलावरच्या पोराचा. हा देश जसा चालतो तसाच हा खुलासा लिहिला गेला. वरचा कधी चुकत नसतो, खालचा कधी जिंकत नसतो.

आता नावाचं बघा. आपल्या मराठीत बाईच्या कपाळाला कुंकू असतं. शेंदूर आपण दगडाला फासतो. शेंदूर फासला की दगडाचा देव होतो, आणि देव झाला की त्याला कोणी सवाल करायचा नसतो. नावामागचं दुःख खरं आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली. त्यात महाराष्ट्राची सहा. त्यातली तीन डोंबिवलीची, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी लोकल पकडणारी. बायकांच्या डोळ्यांदेखत नवरे मारले. त्या दुःखापुढे आमची मान खाली आहे आणि खालीच राहील. पण त्या दुःखाला शेंदूर फासून कोणी त्याचं देऊळ बांधत असेल आणि दारात तिकीटखिडकी उघडत असेल, तर तो शेंदूर खरवडायचं काम आमचं आहे. आमच्या बापजाद्यांनी गावकुसाबाहेर राहून हेच केलं. देव जवळून बघायची बंदी होती म्हणून तो दगड आहे हे आम्हालाच आधी कळलं.

*

त्या आठवड्यात शहर मोठं संवेदनशील झालं होतं. गाण्यांचे जलसे पुढे ढकलले. ९ मेला आयपीएल थांबवली. 'भूल चूक माफ' नावाचा पिक्चर ९ मेला थिएटरात लागायचा होता. निर्मात्यांनी आदल्या दिवशी सांगितलं की देशातली परिस्थिती बघता थिएटरात नको, तो थेट ओटीटीवर घरोघरी दाखवू, देश पहिला. लगेच पीव्हीआर आयनॉक्स उच्च न्यायालयात गेली, साठ कोटींच्या नुकसानीचा दावा घेऊन. शेवटी २३ मेला तोच पिक्चर थिएटरात लागला. देश पहिला होता, पण दोन आठवडेच. मग पुन्हा धंदा पहिला आला.

आमची तक्रार कार्यक्रम थांबवल्याची नाही. माणसं मरत असताना टाळ्या वाजवू नयेत एवढी लाज कलावंताला असायलाच हवी. आमचा सवाल वेगळा आहे. ही लाज कोणाच्या मरणाला जागी होते आणि कोणाच्या मरणाला झोपून राहते?

१३ जून १९९७ ला जे. पी. दत्तांचा 'बॉर्डर' लागला. १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईवरचा. शहर वेडं झालं. थिएटरात माणसं रडत होती, घोषणा देत होती. आणि ११ जुलैला, म्हणजे पुरा महिनाही झाला नव्हता, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी लोकांनी पाहिला. लोक हायवेवर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. समोर शत्रूचं सैन्य नव्हतं, रणगाडा नव्हता, वाळवंट नव्हतं. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे होता आणि कामाला निघालेली माणसं होती. सरकारने सांगितलं की गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळी चालवावी लागली. गुंडेवार आयोगाने ते खोडून काढलं आणि गोळीबार समर्थनीय नव्हता असा निर्वाळा दिला. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली ती बारा वर्षांनी, २००९ ला. आणि लगेच उच्च न्यायालयातून जामीन.

त्या संध्याकाळी 'बॉर्डर'चे खेळ थांबले नाहीत. ज्या हातांनी पडद्यावरच्या सैनिकासाठी डोळे पुसले, ते हात घाटकोपरकडे वळले नाहीत. संवेदनशीलतेला सीमा लागते. काटेरी तार असेल, पलीकडे दुसरा देश असेल, तरच आपलं माणूस मेल्यासारखं वाटतं. हायवेच्या कडेला मेला तर तो जमाव. जमावाला नाव नसतं, घर नसतं, आई नसते. बातमीत फक्त आकडा असतो.

*

मी अंधेरी पूर्वेला राहतो, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, बारा स्टेशनं. या शहरातलं युद्ध आणि कला यांचं नातं ज्याला समजून घ्यायचं असेल, त्याने पुस्तकं बाजूला ठेवावीत आणि या मेट्रोत खिडकीशी उभं राहावं.

एका टोकाला वर्सोवा. तिथलं आराम नगर हे दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या सरकारने बांधलेल्या लष्करी बराकींचं. फाळणीनंतर तिथं निर्वासित राहिले. आता त्याच बराकींत कास्टिंगवाल्यांच्या कचेऱ्या आहेत, तालमीच्या खोल्या आहेत, पन्नास-साठ माणसं बसतील अशी प्रायोगिक नाटकांची थिएटरं आहेत. खिशात फोटो घेऊन पोरंपोरी रांगेत उभी असतात. लढाईसाठी बांधलेल्या खोल्यांत आज लढाईची सोंगं ठरतात. कॅप्टन कोण होणार, कर्नल कोण होणार, कॅप्टनची बायको कोण होणार. आजवर मी तिथं एकही नोटीस अशी पाहिली नाही की कॅप्टनच्या भूमिकेसाठी सावळा, बुटका, वस्तीतला पोरगा पाहिजे.

वस्तीतल्या पोराला काम मिळतं, नाही असं नाही. आमच्या मागच्या गल्लीतला एकजण ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून जातो. पहाटे चारला उठून गोरेगावला फिल्मसिटीत. लढाईच्या सीनला बरीच माणसं लागतात. त्याने आजवर दोन्ही देशांची वर्दी घातलीय. सकाळी हिंदुस्तानी म्हणून पळायचं, जेवणानंतर वर्दी बदलून पाकिस्तानी म्हणून पडायचं. पडायचं काम सोपं नसतं. मुडद्याने उन्हात हलायचं नाही, माशी बसली तरी नाही, कॅमेरा फिरून पुन्हा येईपर्यंत श्वास सोडायचा नाही. तो हसत सांगतो, "दादा, हीरो एकदा मरतो आणि त्याच्यावर गाणं होतं. मी दिवसाला सहा वेळा मरतो आणि शिफ्ट संपली की व्हाउचरवर सही करतो."

हे वाक्य कुठल्याही युद्धपटाच्या संवादलेखकाला सुचलेलं नाही.

मेट्रो पुढे चालते. डी. एन. नगर, आझाद नगर, अंधेरी, मग पूर्वेला चकाला, मरोळ नाका, साकीनाका. साकीनाक्याच्या पुढे असल्फा येतं. डोंगरावर चढत गेलेल्या झोपड्या. २०१७ च्या डिसेंबरात 'चल रंग दे' म्हणून मोहीम झाली आणि या डोंगरावरच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगल्या. चित्रं काढली. मेट्रोतून बघणाऱ्यांनी फोटो काढले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, की हे तर इटलीतल्या समुद्रकाठच्या गावासारखं दिसतं. रंगवणाऱ्या पोरापोरींच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही. घराला रंग कोणाला नको? पण रंग भिंतीच्या कुठल्या बाजूला लागला ते बघा. मेट्रोकडच्या बाजूला. डोंगर चढून पाणी नेणाऱ्या बाईचा हंडा त्या रंगाने हलका झाला नाही. आपल्या दारिद्र्याचा आता देखावा झालाय एवढंच तिला कळलं. युद्धपटातल्या मुडद्याचं आणि असल्फ्याच्या भिंतीचं काम एकच. लांबून छान दिसायचं आणि हलायचं नाही.

७ मेलाच सरकारने देशभर नागरी संरक्षणाची तालीम घेतली. दुपारी चारला भोंगे वाजले. सूचना होत्या, की खिडक्यांपासून लांब राहा, तळघरात जा, टेबलाखाली बसा. आमच्या वस्तीत यावर दोन दिवस हसत होते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, एक मोरी, एक पोटमाळा. टेबल ठेवलं तर झोपायचं कुठं? आणि तळघर म्हणाल तर आमच्या घराच्या खाली गटार. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआऊट होता. इमारतींनी काचांना काळे कागद चिकटवले. आमच्या म्हाताऱ्या सांगायच्या, झोपड्यांना काचाच नव्हत्या आणि दिवाही एकच, रॉकेलचा. तो रोज आठला विझवायचा, तेल संपतं म्हणून. शहराने पंधरा दिवस जो काळोख पाळला तो आम्ही बारा महिने पाळत होतो. आम्हाला देशभक्तीचं सर्टिफिकेट कोणी दिलं नाही.

*

आता मेट्रोचं दुसरं टोक. घाटकोपर. तिथून पूर्वेला गेलं की कामराजनगर, आणि त्याला लागूनच ते रमाबाई आंबेडकर नगर.

मुरली नाईक याच कामराजनगरात वाढला. मूळ गाव आंध्रातला तांडा. बंजारा. आईबाप मोलमजुरी करायला मुंबईत आलेले. पोरगा अग्निवीर म्हणून सैन्यात गेला. ९ मे २०२५ ला नियंत्रण रेषेवर पाकिस्तानी माऱ्यात मेला. त्याच आठवड्यात या शहरात टायटलसाठी धावपळ चालली होती. मेट्रोच्या एका टोकाच्या लोकांना युद्धाचं नाव हवं होतं. दुसऱ्या टोकाचा पोरगा युद्धात संपला होता. मध्ये अंतर किती? सव्वाअकरा-साडेअकरा किलोमीटर.

नेते आले, हार आले, घोषणा झाल्या. बरोबर आहे, व्हायलाच पाहिजेत. पण हार सुकल्यावर काय उरलं ते बघू. अग्निपथ योजना जून २०२२ ची. चार वर्षांची नोकरी. चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच ठेवायचे, बाकीच्यांनी घरी जायचं. लढताना मेला तर विम्याचे ४८ लाख आणि सानुग्रह ४४ लाख. ही रक्कम लहान आहे असं कोणी म्हणू नये, आम्हीही म्हणत नाही. पण कायम सैनिकाच्या घरच्यांना जन्मभर जे पेन्शन मिळतं ते अग्निवीराच्या आईबापाला नाही. दोघं एकाच चौकीवर, एकाच तोफगोळ्याने मेले तरी नाही. गोळी दोघांना सारखीच लागते, पण सरकारी कागदावर एक कायमचा मरतो आणि एक कंत्राटावर मरतो. मुरलीच्या आईला या भेदाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. पोराचं मरण पूर्ण मरण आहे हे सिद्ध करायला आईला वकील करावा लागतो. अजून कुठलं नाटक पाहिजे तुम्हाला?

आणि ज्या कामराजनगरात तो वाढला, ती वस्ती आणि शेजारची रमाबाई नगरची घरं पुनर्विकासासाठी रिकामी होतायत. नवीन घरं मिळतीलही. मिळावीत. पण ज्या गल्लीत त्याने भरतीसाठी धावायचा सराव केला असेल, त्या गल्लीला त्याचं नाव द्यायचं ठरवलं तरी गल्ली कुठं आहे?

लोक म्हणतात, ही चार वर्षांची नोकरी नवीन आहे, काळ बदलला, सैन्य तरुण ठेवायचं आहे. त्यांना नवीन असेल. आम्हाला नाही. महारांनी कंपनीच्या फौजेत लढाया केल्या. १ जानेवारी १८१८ चा कोरेगाव तर सगळ्यांना माहीत आहे. मग गोऱ्या साहेबाला लढाऊ जात आणि बिनलढाऊ जात असा शोध लागला आणि १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापांनी पलटणीत सुभेदारकी केली त्यांची पोरं पुन्हा गावकीच्या काठीला जुंपली गेली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेपर्यंत अर्ज केला, भरती उघडा म्हणून. उघडली नाही. पण पहिलं महायुद्ध ऐन भरात आलं, माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली. युद्ध संपलं. १९२१ ला मोडून टाकली.

१९१७ ते १९२१. बोटं मोजा. चार वर्षं.

म्हणजे अग्निपथ योजना आमच्यावर शंभर वर्षांपूर्वीच वापरून झाली होती. तेव्हा तिला कोणी नाव दिलं नव्हतं, एवढंच. दुसरं महायुद्ध आलं, पुन्हा माणसं हवी झाली. बाबासाहेबांनी १९४१ ला संरक्षण सल्लागार समितीत बसून जोर लावला आणि ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती मात्र मोडू दिली नाही. मशीनगनवर बसलेले आमचे लोक पुढच्या प्रत्येक लढाईत होते. या रेजिमेंटच्या टोपीवर कोरेगावचा स्तंभ होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला आणि तिथं खंजीर आला. एवढा मोठा इतिहास. आता वर्सोव्यापासून अंधेरीपर्यंतच्या कचेऱ्यांना माझा सवाल आहे. तीस-तीस अर्ज एका नावासाठी करता, तर १११ महार या टायटलसाठी रांग कधी लावणार? नाही लावणार. कारण त्या गोष्टीचा शेवट विजयाने होत नाही. ती गोष्ट बडतर्फीने संपते.

*

इथं कोणीतरी उठून म्हणणार, की तुम्ही देशद्रोही आहात. युद्धाच्या वेळी असले सवाल विचारायचे नसतात. मग कधी विचारायचे? १९७१ चं युद्ध जिंकून आठ महिने झाले होते तेव्हा 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात राजा ढाल्यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला. झेंड्याच्या अपमानाला मोठी शिक्षा आणि ब्राह्मणगावात दलित बाईच्या अब्रूला हात घालणाऱ्याला किरकोळ दंड, हा कुठला हिशेब, एवढंच विचारलं. विजयाच्या नशेत असलेला पांढरपेशा समाज भडकला. बाईच्या अपमानावर भडकला नाही, सवालावर भडकला. पन्नास वर्षं झाली. भडकण्याची जागा बदललेली नाही.

आम्ही देशाच्या बाजूचे आहोत, कारण देशात आमची माणसं आहेत आणि मरणाऱ्यांत आमची माणसं जरा जास्तच आहेत. पुलवामा झालं, पहलगाम झालं, हल्लेखोरांना शिक्षा व्हायलाच पाहिजे. सैनिक लढतो तेव्हा आमचा जीव टांगणीला असतो. टाळी वाजवणाऱ्याच्या जिवाला घोर नसतो, त्याचा पोरगा अमेरिकेत असतो. पण देशावर प्रेम म्हणजे सरकारच्या आणि शेटच्या प्रत्येक घोषणेवर प्रेम, हे कोणी ठरवलं?

आणि आमच्या बुद्धाला तरी यातून सोडा. १९७४ ला पोखरणला अणुस्फोट केला, नाव ठेवलं 'हसरा बुद्ध'. १९९८ ला पुन्हा स्फोट केले ते ११ मेला, नेमक्या बुद्धपौर्णिमेला. १२ मे २०२५ च्या बुद्धपौर्णिमेला पंतप्रधान रात्री आठला टीव्हीवर आले आणि बुद्धाचं नाव घेऊन म्हणाले की शांततेचा रस्ताही शक्तीतून जातो. शाक्य आणि कोलीय रोहिणीच्या पाण्यावरून लढायला निघाले तेव्हा युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाने घर सोडलं, हे बाबासाहेबांनी आम्हाला शिकवलं. ज्याने युद्ध नको म्हणून राज्य सोडलं त्याचं नाव बॉम्बला. आमच्या घरातला फोटोही यांनी वर्दी घालून नेला.

या बॉम्बची चिकित्सा करणारा एक सिनेमा झाला. आनंद पटवर्धनांचा 'जंग और अमन', २००२ चा. त्याला कात्र्या लावायला सेन्सॉर बसलं. २००३ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो न कापता दाखवा असा निर्णय दिला तेव्हा तो सुटला. टाळ्या वाजवणाऱ्या सिनेमाला टायटल मिळतं, सवाल करणाऱ्या सिनेमाला कात्री मिळते. आणि सवाल करणारा गाणारा असेल तर? कबीर कला मंचाच्या पोरापोरींना २०२० साली अटक झाली. वर्षानुवर्षं तुरुंगात काढली. डफ वाजवायचा गुन्हा या राज्यात बंदुकीपेक्षा मोठा ठरतो.

*

मग कला म्हणजे काय, असं विचाराल तर लांब जायला नको. त्याच घाटकोपरात चिरागनगर आहे. अण्णा भाऊ साठे तिथं झोपडीत राहिले. दीड दिवस शाळेत गेलेला, मांगवाड्यातून पायी मुंबईला आलेला माणूस. दुसरं महायुद्ध चालू असताना त्याने स्टालिनग्राडचा पवाडा रचला. त्याच्याही कलेचा विषय युद्धच होता. पण त्याने सेनापतीच्या मिशीवर पवाडा केला नाही. घर वाचवायला गल्लीगल्लीत लढणाऱ्या कामगारावर केला. हजारो मैलांवरचा तो कामगार त्याला आपला वाटला, कारण त्याचं आणि आपलं मरण एकाच जातीचं आहे हे त्याने ओळखलं होतं. त्याने टायटल रजिस्टर केलं नाही. पवाडा कामगारांच्या सभांतून वाजत गेला. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गोरेगावात गरिबीतच गेले.

आणि विलास घोगरे. पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये गाणारा शाहीर. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलै १९९७ ला, त्याने डोक्याला निळं फडकं बांधून गळफास घेतला. आत्महत्येचं कौतुक आम्हाला करायचं नाही. तो जगायला पाहिजे होता, गायला पाहिजे होता. पण या शहरातल्या हजार कलावंतांत दहा प्रेतांचं ओझं ज्याच्या छातीला सोसलं नाही असा हा एक निघाला. बाकीच्यांचे प्रयोग ठरल्या वेळी झाले. पटवर्धनांनी पुढे चौदा वर्षं खपून 'जय भीम कॉम्रेड' केला, म्हणून त्याचा आवाज तरी आपल्याजवळ राहिला.

अण्णा भाऊ आणि घोगरे यांच्यासमोर आजच्या रांगेतल्या तीस अर्जदारांना उभं करा. कोण कलावंत आणि कोण दलाल हे सांगायला समीक्षक लागत नाही.

आता शेवटचं, आणि सरळ.

अग्निवीर लढताना मेला तर त्याच्या घरच्यांना कायम सैनिकाइतकंच पेन्शन पाहिजे. हे भीक म्हणून मागत नाही. मरण सारखं असेल तर किंमत सारखी, एवढा साधा हिशेब आहे.

युद्धावर पिक्चर काढणाऱ्यांनी खुशाल काढावा. पण ज्या दिवशी शंभर पोरांना मुडदे म्हणून उन्हात झोपवाल, त्या दिवशी त्यांची मजुरी वेळेवर द्या, त्यांना सावली द्या, जेवण द्या, आणि पाट्या सरकतात तिथं त्यांची नावं द्या. कॅप्टनची भूमिकाही एकदा त्यांच्यातल्या कोणाला देऊन बघा. खरा सैनिक तसाच दिसतो.

आणि दरवर्षी ११ जुलैला या शहरातल्या प्रत्येक नाट्यगृहाने, प्रत्येक थिएटरने तिसरी घंटा दोन मिनिटं उशिरा वाजवावी. दोनच मिनिटं. देशासाठी दोन आठवडे थांबता येतं, तर रमाबाई नगरच्या दहा जणांसाठी दोन मिनिटं थांबता येतं का, ते बघू. नाही थांबलात तर आम्ही समजू की तुमची संवेदनशीलता हाही एक सेटच होता. शूटिंग संपलं की पाडायचा.

राहिले आपले लोक. पोरांनो, भरतीला जा, जायचं तर. शूटिंगला जा, पोट आहे. पण जे बघता ते लिहून ठेवा. किती वाजता उठवलं, किती तास झोपवलं, हातात किती ठेवले, सही कशावर घेतली. लिहिता येत नसेल तर सांगा, लिहून घेणारे आम्ही आहोत. आपल्या मरणाची गोष्ट ते लिहितात तोवर टायटल त्यांचंच राहणार. यापुढं ती गोष्ट आपण लिहायची.

जय भीम.